चार बोटं जागा

कपाट सरकवलं तेव्हा दिसली.
जुलैची सोळा तारीख, रविवार.
कडेला राखाडी, मध्ये काळी,
कपाटाच्या पाठीइतकी उंच.
निमा म्हणाली, आई, भिंतीला लव आलीय.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी हिला ओळखते.
काचेच्या बशीत, पंचवीस अंशांवर,
आठवडा आठवडा सांभाळावं लागतं,
वर चिकटवावं लागतं पेशंटचं नाव, वॉर्डचा नंबर.
इथे तिला कुणी सांभाळलं नव्हतं.
नाव होतं ते माझं, करारावर,
अकरा महिन्यांपुरतं.

मग व्हिनेगर, दातांचा जुना ब्रश,
तोंडाला ओढणी.
कपाटात साठचा बल्ब, रात्रंदिवस,
काविळीच्या बाळाला ठेवतात तसा
शालू दिव्याखाली.
मिठात तांदूळ. काडेपेटी फ्रिजच्या डोक्यावर.
दहावीचं सर्टिफिकेट फुगलं, ते गादीखाली,
त्याच्यावर आम्ही झोपतो.

वरच्या मस्कारेन्हसबाई म्हणाल्या,
आमचं बाथरूम खडखडीत कोरडं, गच्चीतून येत असेल.
सेक्रेटरी म्हणाले,
गच्चीचं काम गेल्याच वर्षी केलं, पाइप बघा.
प्लंबरने पाइपाला कान लावला,
बराच वेळ ऐकलं,
दोनशे रुपये घेतले आणि म्हणाला, पाइप ठणठणीत.
पालव, मालक, डोंबिवलीहून फोनवर:
खिडकी उघडी ठेवत चला, वहिनी.
खिडकी उघडली की हातभर अंतरावर
मागच्या बिल्डिंगची खिडकी,
तिथेही कपाटात बल्ब पेटलेला.
एवढं पाणी,
आणि कुणाचंच नाही.

मी पेन्सिलीने तिची कड आखली.
शेजारी तारीख लिहिली.
तेवीस जुलै, बोटभर पुढे.
तीस जुलै, खाली वीत, उजवीकडे काहीच नाही.
सहा ऑगस्टला वाटलं थांबली,
नाही, पलंगामागून गेली होती.
गणपतीत तिने स्विचबोर्ड गाठला.
तेव्हापासून पंखा लावायचा तर लाटण्याने.

कुबट वास मला कधी आलाच नाही.
मायक्रोस्कोपवरून मी उठले, शलाका बसायला आली,
क्षणभर थबकली,
म्हणाली, काही नाही गं.
लॉकरमध्ये आता एक जादा कुडता असतो,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.

रात्री निमा खोकते.
मी आधी तिच्या पाठीवर हात ठेवते,
मग अंधारातच
भिंतीवर.

करार संपायला पंधरा दिवस असताना
पालवांनी रंगारी पाठवला.
तो पत्रा हातात धरून तारखा वाचत राहिला,
म्हणाला, ताई, दुधाचा हिशोब का?
मग खरवडलं, पुट्टी भरली, वर दोन हात.
जाताना दारात हळूच,
ओल जात नाही हां यानं.
दिसत नाही, एवढंच.

शनिवारी जोडपं आलं घर बघायला.
तो किचनमध्ये नळ सोडून बघत होता,
ती टेप घेऊन, पलंग मावतो का.
याच भिंतीशी उभी राहून विचारलं तिने,
ओल येते का हो, पावसाळ्यात?

पालव छताकडे बघू लागले.
त्यांच्या खिशातून माझ्या डिपॉझिटचा चेक
बोटभर वर आलेला.
त्यावर सही व्हायची होती.

भिंत पांढरीशुभ्र.
आतल्या तारखांसकट.

मी म्हटलं,
कपाट इथे लावाल ना,
तर भिंतीला टेकवू नका.
चार बोटं जागा सोडा.

तिने माझ्याकडे बघितलं,
मग भिंतीकडे.
टेप सर्रकन आत गेली.