चतुःसीमा

अंगठी म्हणजे खरं तर पितळी वायसर,
बोअरच्या मोटारीतून निघालेला, एका कडेला झिजलेला.
चौदाव्या शनिवारी मी तो मशीनवर ठेवला, म्हणालो,
ड्रॅगनच्या जिभेखाली सापडली. तीन इच्छा.
त्यानंतर त्याला वायसर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

सेलूत, तहसिलीसमोर, माझं झेरॉक्सचं दुकान.
सहाला शटर अर्धं ओढलं की
काचेवर नकाशा पसरतो, डोंगर, दलदल, एक शापित नगर.
नियमांचं पुस्तक मीच छापलंय, स्पायरल मारून.
मी खेळत नाही. मी जग चालवतो,
आडोशाला कोर्टाच्या फायलीचा पुठ्ठा उभा करून.

शिवहार दिवसा खतं विकतो, इथे कुऱ्हाडवाला बुटका.
पहिली इच्छा त्यानं गरम भज्यासारखी गिळली:
"सोनं पायजे. लई."
दिलं. मी कधी नाही म्हणत नाही, मेख तिथंच असते.
इतकं दिलं की नाव बुडाली
आणि नदी पिवळी होऊन अडून बसली.
तीन शनिवार त्यानं चहाचे पैसे दिले नाहीत.

दुसरी माणिकची. मांत्रिक. राक्षसांनी वेढलेला.
"हे रान गप होऊ दे," ओरडला.
झालं गप. पान, पाखरू, राक्षस,
आणि त्याच्या तोंडातला मंत्रही.
फासा वीसावर पडला, त्याचाही आवाज आला नाही
असं मी सांगितलं, तेव्हा तो हसला नाही.

उरली एक. अंगठी तहसीनकडे.
तहसीन काझी, दस्तलेखक, लिंबाखाली तिचं टेबल,
आजोबा उर्दूतून खासरे वाचायचे,
ही मराठीतून खरेदीखतं टाइप करते.
इथे ती झीरा, कुलपं उघडणारी.
अंगठी तिनं बोटात घातली नाही.
"पुढच्या शनिवारी," एवढंच.

पुढच्या शनिवारी तिनं स्टॅम्प पेपर आणला,
शंभराचा, आता न चालणारा, कपाटात पडून राहिलेला.
लिहून देणार: अंगठी.
लिहून घेणार: झीरा, वय अज्ञात, धंदा चोरी.
कारणे इच्छापत्र लिहून देते की,
एक टेकडी, झाडझाडोऱ्यासह, दगडधोंड्यासह,
पूर्वेस ड्रॅगनची हाडं,
पश्चिमेस शिवहारच्या सोन्यानं अडलेली नदी,
दक्षिणेस माणिकचं मुकं रान,
उत्तरेस मोकळे.
सदर टेकडीवरचा हक्क सोड
असं झीराला कोणी, केव्हाही, गोड बोलून वा डोळे दाखवून
सांगू लागल्यास, ते शब्द त्याच्या जिभेस सापडू नयेत.

माणिकनं शिट्टी वाजवली. शिवहार म्हणाला, "टेकडीच? एवढीच?"
मी काही म्हणालो नाही.
दुपारी माझ्याच मशीनवर तिनं काढल्या होत्या
तीन हक्कसोडपत्रांच्या प्रती.
तीन बहिणी, वेगवेगळ्या गावांच्या, एकच वाक्य:
राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता.
तिसरीनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.
तहसीननं तेव्हा फक्त विचारलं होतं, "किती झाले?"
तिचे मी घेत नाही, तरी विचारते.

रात्री शटर पूर्ण ओढून मी तो कागद वाचत बसलो.
इच्छेत फट शोधणं हे माझं काम.
शब्द उलटे केले, स्वल्पविराम खरवडले,
"हयातीत" हा शब्दच तिनं टाळला होता, हुशार.
बाराच्या सुमाराला, मालगाडी जाताना, सापडली:
उत्तरेस मोकळे.
मोकळ्या बाजूनं काहीही आणता येतं,
फौज, समुद्र, भाऊ.

सकाळी लिंबाखाली गेलो. ती रिबन बदलत होती, बोटं काळी.
"उत्तर राहिलीय," म्हणालो.
"राहिली न्हाई, ठिवलीय.
रातभर हुडकायलास ना? मग कायतरी गवसाय पायजे की."
वायसर तिनं टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला होता.
टेबल आता हलत नव्हतं.

शनिवार चार दिवसांवर आहे.
पुठ्ठ्यामागे बसून फासा टाकून पाहतो,
सात, अकरा, पुन्हा सात.
उत्तरेकडून कुणीतरी येतंय एवढं नक्की.
एकटी बाई दिसते, लांबून,
पदराला शाई लागलेली,
अजून तिनं नाव सांगितलेलं नाही.