चार नंबरची खाट

मार्चच्या परीक्षेला मला बोलावणं येतं.
वडगावातनं सिटी बस, चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट,
चहा, बनपाव, आणि संध्याकाळी पाकिटात साडेतीनशे.
काम एवढंच : सदरा काढून पडून राहायचं
आणि आपल्या रोगाचं नाव तोंडातनं सुटू द्यायचं नाही.

नाव मला पाठ आहे. इंग्रजीत आहे, लांब आहे.
अकरा वर्षांत दीडशे तोंडांतनं ऐकलंय,
काहींनी बरोबर सांगितलं,
काहींनी दुसऱ्याच कुणा माणसाचं.

सकाळी घंटा व्हायच्या आधी एक पोरगा आला,
पाणी द्यायला आल्यागत. बोटांत पन्नासची घडी.
"काका, झडप कुठली?"
म्हटलं, ऐकू येत नाही बाबा.
ते काही खोटं नव्हतं. तेहतीस वर्षं पॉवरलूमपाशी
उभं राहून कान गेलेत.

मग एकेक हात येतात.
गार हात. घाईचे हात.
नेलपॉलिश खरवडून काढलेले हात.
बोटावर बोट ठेवून ठोकतात, नारळ बघितल्यागत,
हृदयाची हद्द शोधतात.
एकानं बॉलपेननं रेघ मारली,
दुसऱ्यानं ती दोन बोटं बाहेर नेली.
हद्द सरकलीय म्हणे माझी, बगलेकडं.
बेळगावात राहून हे ऐकलं की हसू येतं,
पण हसलो की छाती हलते,
आणि सर डोळे वटारतात.

सर पायथ्याशी. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चौकटी.
नाव विचारलं, एक गुण. पडदा ओढला, एक.
हात चोळून ऊब आणली, अर्धा.

दुपारी बिरादार नावाची पोरगी आली, विजापूरकडची.
पडदा ओढायचा विसरली.
"एल्लि ब्यानि ऐतरी, अज्जा?"
ती कन्नडात विचारत गेली, मी मराठीत सांगत गेलो,
मध्ये कुणी लागला नाही.
आमच्या गल्लीत भांडणंसुद्धा अशीच होतात.
काम कुठलं? माग.
इथवर सगळेच येतात, "विणकर" लिहितात,
आणि पुढं बिडीवर जातात.
ही थांबली. कधी सोडलं?
म्हटलं, जिन्यात मधेच बसलो, त्या दिवशी.
कुणाला शिकवलंत का?

सरांचं पेन वर राहिलं.
याला चौकट नव्हती.

शिकवलं की. सात पोरं.
माग बिघडला की कानावर जाऊ नका, सांगायचो,
चाळीस माग एकदम ओरडतायत, कान काय सांगणार?
तळवा ठेवा. बोटं नाही, बोटं घाई करतात.
धोटा जिथं चुकून आपटतो
तिथं लोखंड आतनं गुरगुरतं,
मांजर पोटाशी घेतल्यासारखं.

हे मी बोललो, का मनात म्हटलं,
आता आठवत नाही.

तिनं कानातनं नळी काढली, गळ्यात टाकली.
तळवा ठेवला. रेघेच्या बाहेर, खालच्या अंगाला.
डोळे मिटले.
मी श्वास सोडला आणि तसाच धरला,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
हात गार होता तिचा. अर्धा गुण गेलाच असणार.
मग गार राहिला नाही.

घंटा झाली. पुढं सगळं इंग्रजी.
सर विचारत होते, ती अडखळत होती,
एका शब्दापाशी सरांनी मान हलवली,
पण आमच्याकडं मान अशी हलवतात
की हो का नाही, ते हलवणाऱ्यालाच माहीत.

सदरा घालताना बघितलं,
बॉलपेनची रेघ घामानं पसरलेली.

वडगावात उतरलो तर शिवलिंगाचे माग चालू होते,
माझ्या सातांतला एक.
बाहेरनंच भिंतीला तळवा लावला.
तिसरा माग. धोटा उजवीकडं आपटतोय.
आत जाऊन सांगावं,
का सापडू द्यावं त्याचं त्याला?
पायरीवर टेकलो.
दम लागलाच होता, तसाही.