साक्षीदार क्रमांक दोन

तलावपाळीवर हंसांच्या होड्या अजून साखळीला बांधलेल्या,
उन्हाला धार चढायची होती,
आणि मी चरईतून चालत निघाले
माझ्या मुलाविरुद्ध बोलायला.

विरुद्ध नाही हो, फादर म्हणाले, फक्त खरं बोलायचं.
चर्चच्या ऑफिसात पंखा, टेबलावर बायबल,
स्टीलच्या पेल्यात पाणी, वर बशी झाकलेली.
हात ठेवा म्हणाले. ठेवला.
बोटांना मसाल्याचा वास होता,
आदल्याच दिवशी बाटल्या भरल्या होत्या मी.

प्रश्न छापील.
विवाहाच्या वेळी वराच्या मनात काय होतं?
पोटात होता तेव्हा लाथा कळायच्या, फादर.
मन कधी कळलं?

सरकारी कोर्टातून जसिंता केव्हाच सुटली.
चार तारखा, एक सही, बाहेर येऊन उसाचा रस.
देवळात मात्र ती अजून माझ्या कॉस्मेची बायको.
पास्कूशी रजिस्टर लग्न करून दहा वर्षं झाली,
तिच्या अंथरुणाला खिळलेल्या बापाला तो पुसतो, कूस बदलून देतो,
आणि रविवारी ख्रिस्तप्रसादाची रांग लागली
की दोघं बाकाच्या टोकाला
गुडघे आक्रसून बसतात, इतरांना वाट द्यायला.
मीही गेलेय त्या गुडघ्यांना घासत,
साडी सावरत,
जीभ तयार ठेवून.

गाठ देवाची आहे, ती सोडवता येत नाही.
पडलीच नव्हती, असं मात्र सांगता येतं,
सांगणारं कुणी असलं तर.

मग सांगितलं.
उंबराच्या पाण्याची संध्याकाळ, पुढे बँड,
लुगडी नेसलेल्या बायका, माझ्या कमरेवर भरलेली कळशी.
आणि टाकीच्या मागे कॉस्मे, फोनवर, हळू आवाजात:
रडू नकोस, हे लग्न नावापुरतं,
मी तुझ्याकडेच येणार, पोराचे पैसे महिन्याला कळव्याला पोचतील.
पोराचे.
मी कळशी खाली ठेवली नाही.
एक थेंब सांडू दिला नाही.
सकाळी त्याच पाण्याने त्याला अंघोळ घातली.

हे वधूला सांगितलंत?
नाही.
का?
फादरचं पेन थांबलेलं. पंखा तेवढा चालू.

फुग्यांचं पीठ चढलं होतं, फादर.
अडीचशे माणसं जेवायची होती.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
हेच कारण लिहू?
लिहा म्हटलं. दुसरं नाही माझ्याकडे.

सही केली, नावाच्या आधी छापलेलं होतं:
साक्षीदार क्रमांक दोन.
क्रमांक एक कोण, ते सांगत नाहीत.

रात्री कुवेतहून फोन आला.
मम्मी, तू कुणाची?
मी विचारलं, जेवलास का.
त्यानं फोन ठेवला.

भिंतीवरचा लग्नाचा फोटो अजून काढलेला नाही.
उद्या निकाल आला, की हे लग्न झालंच नव्हतं,
तर त्या चौकटीत काय उरेल?
माझ्या पैशांचा केक,
उसना सूट,
आणि एक मुलगी, जी खरोखर हसतेय.
तिचं तरी झालं होतं ना लग्न, त्या दिवशी?
हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.

निकालाला वर्ष लागेल म्हणतात. कदाचित जास्त.
कदाचित नाहीच.
जसिंताला ठाऊक आहे मी बोलले ते. काय बोलले, ते नाही.
मागच्या रविवारी तिच्या बाकाशी थांबले,
म्हटलं, आत सरका जरा दोघं.
तिनं पास्कूकडे पाहिलं, पास्कूनं छताकडे.
सरकले.

तेव्हापासून टोकाला मी बसते.
रांग लागते, लोक माझ्या गुडघ्यांना घासून जातात,
मी उठत नाही.
कन्फेशन राहिलंय माझं,
एका कळशीएवढं.
कुणी विचारलं तर सांगते, गुडघे दुखतात हो.
तेही अगदीच खोटं नाही.