पाठ पाचवा : नाणे नाहीसे करणे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
मिरच्यांच्या गोणींमागे, रद्दीत,
वीस रुपयांना मिळालं पुस्तक.
मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव वाळवीच्या पोटात,
सूचना मात्र शाबूत :
'नवशिक्याने आरशासमोर बसावे.
नाणे उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या उंचवट्याशी धरावे.
हात नैसर्गिक दिसावा.'

फेरीबोटीवरच्या माणसाचा हात
नैसर्गिक कसा दिसणार?
फळीची साखळी ओढून ओढून माझी बोटं
मयड्याच्या केळ्यांएवढी झालेली.
आरसाही नाही. इंजिनखोलीच्या दाराला काच आहे,
तिच्यात मांडवी दिसते, आणि मांडवीत थोडासा मी.

सांपेद्र ते दिवाडी, दिवाडी ते सांपेद्र.
एका खेपेत तीनदा पडायचा रुपया,
खणकन, लोखंडावर,
आणि स्कूटरवाले आपापले खिसे चाचपायचे.

पुस्तक शाळेतल्या मास्तरांसारखं बोलतं :
धरावे, वळवावे, पाहू नये.
मी चुकायचो ते कोंकणीत.
तळटीप म्हणते, 'लहान नाणे टाळावे.'
आताचा रुपया म्हणजे शर्टाचं बटण,
असं मी मासळीवाल्या इश्पेरांसला सहज बोललो.
तिने कमरेची पिशवी सोडली,
तंबाखूच्या पुडीखालून एक इश्कुद काढला,
पोर्तुगीज, तिच्या पायला कधीकाळी
मुरगावच्या धक्क्यावर मजुरीत मिळालेला.
'घे. पूण परत दी.'

जड होता. गार होता. तळव्यात बसला.
महिनाभर भरती-ओहोटी त्याच्याबरोबर मोजली.
एक वाक्य तोंडपाठ केलं :
'ज्या हातात नाणे आहे, त्याकडे जादूगाराने पाहू नये.
तो जिथे पाहील, तिथेच लोक पाहतील.'
सोपं वाटतं. करून बघा.
दुखऱ्या दाताकडे जीभ जाते
तसा डोळा तिथेच जातो.

बोंदेराच्या शनिवारी बोट खच्चून भरलेली,
निशाणं, ढोल, दोन पोलीस, कुणाचा तरी आइस्क्रीमचा डबा.
एक पोर म्हणालं, जादू कर ना.
मी कठड्यापाशी उभा राहिलो.
डाव्या मुठीवर फुंकर घातली,
एकेक बोट उघडलं. रिकामी.
उजवीही रिकामी होती, खरोखरची.
घाम म्हणा, ग्रीस म्हणा,
इश्कुद निसटून पाण्यात गेला होता,
ढोलांत त्याचा आवाजसुद्धा आला नाही.
आणि मी ते वाक्य, महिन्याभराचं ते वाक्य विसरून
खाली बघत राहिलो.

तेव्हा टोपलीमागून इश्पेरांस ओरडली,
'वयर पळय! वयर!'
तिचं बोट आभाळात.
अख्खी बोट वर बघू लागली, पोलीससुद्धा.
वर एक घार होती, तीही लांब.
टाळ्या पडल्या.

इश्पेरांसला अक्षर येत नाही.
पुस्तकाला ती 'तुझें बूक' म्हणते
आणि त्याच्यावर कधी ओला हात ठेवत नाही.

शेवटच्या खेपेला माफी मागायला गेलो.
ती टोपली घासत होती. घासतच राहिली.

पाठ सहावा आहे, 'नाणे परत आणणे'.
त्याची पानं दमटपणाने चिकटलीत.
सुरीने सोडवायला गेलं की
अक्षरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे निघतात.
'यानंतर प्रेक्षकाला' एवढं वाचता आलं,
पुढे बुरशी.

रोज सकाळी फळीवर पाय ठेवताना
ती तळवा पुढे करते,
तारल्यांच्या खवल्यांनी चमकणारा.
मी माझी मूठ त्यावर उघडते ठेवतो,
तिच्यातून काहीच पडत नाही.
ती बोटं मिटते, अलगद,
मिटलेला हात कमरेच्या पिशवीत घालते,
रिकामा बाहेर काढते,
दोरी आवळून दोनदा गाठ मारते.
तेवढ्या वेळात एकदाही त्या हाताकडे बघत नाही.

'कितें पळयता?' म्हणते. 'उखल फळी.'