रेघ

आमच्या गावचे पाच जण इटलीत होते
आणि पाचांचं अक्षर एकच.

रंगराव साबळ्याचं.
कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी गिरवलेला हात तो;
बालबोध लिहितानाही खोड तीच:
आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या,
मग त्यांना अक्षरं टांगायची,
वासनेच्या काठी दोरीवर धुणं टांगावं तशी.

कोरेगावहून टपाल यायचं आठवड्यानं.
पिठाच्या गिरणीपुढं मी वाचायला बसायचो,
चौथीतला, गावात सगळ्यात मोठ्या आवाजाचा.
पट्टा फिरत असला की ओरडून वाचावं लागे,
त्यामुळं कुणाचं काही कुणापासून लपलं नाही.

'पत्र लिहिण्यास कारण की' इथवर सगळी पत्रं जुळी.
पुढं वाटा फुटायच्या.
बर्ग्यांच्या सर्जेरावाला म्हशीची काळजी,
गाभण राहिली का, राहिली तर कुणाच्या रेड्यानं.
केरू मदन्याला गावच्या तंबाखूची आठवण.
वायदंड्यांचा बाबाजी लिहायचा, म्हणजे सांगायचा,
की इथं आम्ही सगळे एकाच डेगीतलं खातो,
पण हे आईनं गावात बोलू नये.
मी ते ओरडून वाचलं.
गिरणी नेमकी तेवढ्यात बंद पडली होती.

साहेबानं मध्येच काळं फासलेलं असायचं.
'आम्ही आता' आणि मग काळं.
'इथला डोंगर' आणि काळं.
बायका कागद उन्हाकडं धरून बघायच्या.

मग भाद्रपदात चार पत्रं आली
आणि अक्षर दुसरंच.
डोक्यावर रेघ नाही, उघडी बोडकी अक्षरं.
मजकूर तोच. म्हैस. तंबाखू. खुशाल आहे.
मी वाचत होतो, कुणी ऐकत नव्हतं.
त्या बायकांना अक्षर वाचता येत नव्हतं,
ओळखता येत होतं.
चौघींनी माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं,
मग एकेक करून ठकूबाई साबळेकडं.

तार त्यानंतर अकराव्या दिवशी आली.

थंडीत एक पेटी आली:
वस्तरा, कंगवा, मफलर,
आणि घडी घातलेला एक कागद.
'वाच,' ठकूबाई म्हणाली.
'काही लिहिलं नाही, काकू. नुसत्या रेघा हायेत.'
'किती?'
मी बोट ठेवून मोजल्या. सतरा.

पट्टा फिरत होता. तिच्या पदरावर पीठ बसत होतं.
'मला लिहिताना,' ती म्हणाली,
'नवाच्या वर कधी ओढल्या नव्हत्या.'

कागद तिनं परत घडीवर मोडला
आणि दळणाचा डबा सरकवून
नंबराला उभी राहिली.