अर्थिंग

डॉक्टरबाईंनी ठिपक्यांचं पान पुढे धरलं.
कोणता आकडा, म्हणाल्या.
मी म्हणालो, ठिपके छान आहेत.

संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, तरीच.
तरीच लिंगोनबेरीच्या दिवसांत
तुझी बादली कधी भरली नाही,
मला वाटायचं, आळशी आहेस.
जंगलात सगळे वाकून वाकून वेचत असायचे
आणि मला शेवाळ दिसायचं,
शेवाळ, आणि शेवाळापलीकडे शेवाळ.
मी बोटांनी चाचपडायचो.
टणक लागलं तर फळ,
गिळगिळीत लागलं तर गोगलगाय.

मग बराच वेळ ती बोललीच नाही.
हे माझ्याकडून आलंय ना रे, म्हणाली, वाचलं मी.
ओव्हनमध्ये काहीतरी करपत होतं तिच्याकडे,
ते काढायला गेली, परत आली नाही फोनवर.

केमीच्या शाळेत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तारांचे तुकडे टेबलावर: काळी, राखाडी, निळी. इथवर ठीक.
तपकिरीपाशी मी थांबतो.
नेटवर्कच्या केबलीत तर आठ तारा, केसांएवढ्या बारीक,
नारिंगी म्हणजे हिरवी म्हणजे तपकिरी म्हणजे
योना शेजारून खोकतो.
एकदा खोकला तर नारिंगी, दोनदा तर हिरवी.
असं आमचं महिनाभर चाललं,
मग योनाला खरंच सर्दी झाली.

राइलीबाई रागावल्या नाहीत.
तीस वर्षं जहाजांवर काम केलेली बाई,
एक करंगळी अर्धीच.
खिशातून गोळी काढली, गोळी स्वतः खाल्ली,
लाल चकचकीत कागद माझ्या हातावर ठेवला:
यातून बघ. जी काळवंडेल ती हिरवी.
काळवंडली.
आणि ही? त्यांनी अर्थिंगची तार उचलली.
हिची हिरवी मला दिसत नाही, मी म्हणालो.
पट्टे दिसतात?
पट्टे दिसतात.
मग झालं तर. जिच्यावर जीव अवलंबून
तिला एकाच रंगावर कसं सोडतील?
कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी बैठकीत
तुझ्यासारख्याची कुणाला तरी आठवण झाली असणार.

मी ती तार घरी नेली. विचारलं नाही.

रेल्वेकडून अर्ज परत आला. सिग्नल.
त्यात काही वाद घालण्यासारखं नव्हतं.

फेब्रुवारीत हाइमोबरोबर तोर्निओला, नदीकाठच्या लाकडी घरात.
भिंतीतून तारा ओढल्या तर कापडात गुंडाळलेल्या,
धुरानं, उंदरांनी, ऐंशी हिवाळ्यांनी
सगळ्या एकाच चहात बुडवून काढल्यासारख्या.
हाइमो म्हणाला, ही लाल.
योना म्हणाला, तपकिरी आहे ती.
दोघे टॉर्च मारून भांडले, जवळ गेले,
योनानं तर नाक लावलं.
मी मीटरची टोकं टेकवली.
सुई सरळ उभी राहिली.
हाइमोनं हात मागे घेतला, हातमोज्यात पुसला,
आणि म्हणाला, कॉफी पिऊ या.
त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही,
फक्त प्रत्येक खोलीत आधी मला आत पाठवलं.

सप्टेंबरात आईकडे गेलो.
बादली घेतली, न सांगता पाठीमागच्या जंगलात शिरलो,
पाकिटातला गोळीचा कागद काढला,
चुरगळलेला, मधोमध फाटत आलेला,
आणि डोळ्यावर धरला.

शेवाळ विझलं.
मग एक ठिपका पेटला, मग तीन,
मग उतारभर, पार ओढ्यापर्यंत,
इतके, की वीस वर्षं मी यांच्यावर पाय देऊन चालत होतो.
त्यात एखादा आकडा असला तर
तो मला तेव्हाही वाचता आला नाही.

बादली अर्धीच भरली.
आईनं आत डोकावून पाहिलं.
आळशी, म्हणाली.