बँजोच्या पोटात

पिकअपचा डाग सुटला म्हणून
कासममामांनी बँजोचं पत्र्याचं पान उघडलं,
हर्णैच्या बर्फ कारखान्यामागच्या खोलीत,
आणि आत, गंजाखाली, दोन अक्षरं निघाली
जी आमच्यातल्या कुणाच्याच लिपीत नव्हती.

मी फोटो काढला, शोधत बसलो.
नागोया.
टाइपरायटरसारखी बटणं
तारांवर बसवली तिकडे कुणीतरी, शंभर वर्षांमागे.
मग ते बोटीबोटीनं इकडे आलं
आणि आम्ही त्याला बँजो म्हणून
दर विसर्जनाला रस्ताभर वाजवलं.
मामा म्हणाले, "म्हणजे परक्याचं पोर
आपल्याच नावावर शाळेत घातलं की."
मग डाग दिला. फुंकर मारली.

तेव्हापासून रोज बसतो.
लॅपटॉप माशांच्या क्रेटवर,
उदेश पावसेचा ड्रमसेट, एका झांजेला तडा.
भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर घुमतो तो आमचा षड्ज,
काळी दोनच्या किंचित खाली.
सगळे त्याच्याशी जुळवून घेतात. तो कुणाशी नाही.

शाकुहाचीचा एक श्वास मी ताणला,
चार सेकंदांचे चाळीस.
कातळाच्या भोकातून ओहोटीचं पाणी ओढलं जातं, तसा झाला.
त्यावर मामा पाचच बटणं दाबतात:
सा, कोमल रे, म, प, कोमल ध.
दाराशी भजनीबुवा थबकले.
"गुणक्री? आत्ता, दिवेलागणीला?"
उदेश म्हणाला, "बुवा, तिकडे किती वाजले बघायला हवं."

खरं भांडण सातावरून झालं.
तीन-दोन-दोन. मामांचा हात आठावर पडायचा.
"एक मात्रा कुठं खाल्लीस?"
"खाल्ली नाही मामा. ती नव्हतीच."
दोन दिवस आले नाहीत.
तिसऱ्या दिवशी आले ते मोजणं घरी ठेवून.

गणपती आणायच्या दिवशी, बाजारपेठेच्या वळणावर,
टेम्पोत जनरेटर, त्याचा धूर आमच्याच तोंडावर.
नेहमीची दोन गाणी झाली
आणि मी तो श्वास सोडला.
गिटारचा फाटका आवाज, खाली सात.
पोरांचे पाय एकमेकांत अडकले.
"चालू गाणं लाव रे!" कुणीतरी ओरडलं.
मी आवाज वाढवला, दुसरं काही सुचलं नाही.

मासे कापणारी जयवंती तेवढी नाचत राहिली.
सातव्याला तिचा पाय हवेतच थांबला,
खाली कुठं ठेवायचा याची घाई नसल्यासारखा.
मामांनी तो बघितला
आणि पुढचं बटण
मुद्दाम उशिरा दाबलं.